माइनक्राफ्टमध्ये जपानी किल्ल्यासारखे घर: जोत्यापासून आढ्यापर्यंत

माइनक्राफ्टच्या मल्टिप्लेअर सर्व्हरवर जपानी धाटणीची बांधकामे भरपूर दिसतात, पण त्यांतील बरीचशी किल्ल्यापेक्षा पॅगोड्याच्या जवळ जातात. लाल खांब, एकावर एक चढवलेली टोकदार छपरे आणि खाली सपाट गवत, असे त्यांचे रूप असते. याचे कारण बहुतेक खेळाडू छपरापासून विचार सुरू करतात. जपानी किल्ल्याची ओळख मात्र खालून वर घडत जाते: आधी खंदक, मग आत कलणारी दगडी भिंत, मग वळणे घेत चढणारी वाट, आणि सगळ्यात शेवटी पांढऱ्या भिंतींचा व काळ्या कौलांचा मनोरा. या लेखात तोच क्रम पाळला आहे.

दुसरी गोष्ट राहण्याची. उंच मनोऱ्याला जपानीत तेन्शु म्हणतात, आणि सरदार सहसा त्यात राहत नसे. सोळाव्या शतकातला बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा आपल्या आझुची किल्ल्याच्या तेन्शुत राहायला गेला, हा गाजलेला अपवाद. तो किल्लाही १५७९ मध्ये पूर्ण होऊन १५८२ मध्ये जळाला. एरवी तेन्शु म्हणजे टेहळणीची, साठवणीची, शेवटच्या लढाईची आणि मुख्यतः दरारा बसवण्याची इमारत असे, आणि सरदाराचा संसार व दरबार खालच्या बैठ्या वाड्यात, म्हणजे गोतेनमध्ये चाले. खेळातही हीच विभागणी सोयीची ठरते. तेन्शुत पेट्या, भट्ट्या आणि संग्रह ठेवावा, आणि पलंग, कामाची टेबले व पाहुण्यांची बैठक गोतेनमध्ये असावी. अरुंद मनोऱ्यात सगळे कोंबले की जिन्यांनीच निम्मी जागा खाल्ली जाते.

जागा आणि मोजमाप

जपानी किल्ल्यांचे जागेनुसार तीन ढोबळ प्रकार आहेत. मात्सुमोतोसारखा सपाटीवरचा, हिमेजीसारखा सपाटीतल्या टेकडीवरचा, आणि बिच्चू मात्सुयामासारखा डोंगरमाथ्यावरचा. सर्व्हरवर घर बांधायचे असेल तर मधला प्रकार उत्तम, कारण दहा-पंधरा ब्लॉक्स उंचीची टेकडी आयती उंची देते आणि तरी तटासाठी सरळ रेषा मिळतात. डोंगरमाथा चित्रात छान दिसतो, पण तिथे तटाची प्रत्येक बाजू वेगळी मोजावी लागते आणि पहिल्याच बांधकामात माणूस कंटाळतो. सपाटीच निवडली तर खंदक रुंद ठेवावा. मात्सुमोतोच्या काळ्या मनोऱ्याचे निम्मे सौंदर्य पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबात आहे.

मापाच्या बाबतीत हा खेळ जपानी बांधकामाला अगदी अनुकूल आहे. खेळातला एक ब्लॉक म्हणजे एक मीटर, आणि जपानी सुतारकामाचे पारंपरिक माप, केन, साधारण १.८२ मीटर असते; म्हणून एक केन बरोबर दोन ब्लॉक्स धरून चालावे. तातामी चटई सुमारे ०.९ बाय १.८ मीटर असते, म्हणजे एक बाय दोन ब्लॉक्स. खोल्यांची मापे यामुळे आपोआप जमतात. हिमेजीचा मुख्य तेन्शु दगडी जोत्यासह सुमारे ४६ मीटर उंच आहे. पूर्ण आकारात बांधायचा तर ४६ ब्लॉक्स लागतील, जे जगाच्या उंचीच्या मर्यादेत सहज बसते, पण एकट्याच्या घराला अवाढव्य होते. पुढे दिलेला तीन मजली आराखडा जोत्यासह सदतीस-अडतीस ब्लॉक्स उंचीचा आहे.

एकूण जागा चौसष्ट बाय ऐंशी ब्लॉक्स धरावी. चंक, म्हणजे खेळातल्या जगाचा एक चौकोनी तुकडा, सोळा बाय सोळाचा असल्यामुळे ही जागा चार बाय पाच चंक्समध्ये नेमकी बसते, आणि जिथे जमिनीचा हक्क चंकनुसार मिळतो अशा सर्व्हरवर वाया काही जात नाही. जावा आवृत्तीत एफ-३ आणि जी ही बटणे एकत्र दाबली की चंकच्या सीमा दिसतात. हक्क आधी नोंदवावा, मगच पहिला ब्लॉक ठेवावा. तेन्शु वायव्य कोपऱ्यात, गोतेन मध्यभागी आणि मुख्य दरवाजा आग्नेय कोपऱ्यात ठेवला, तर दरवाजापासून तेन्शुपर्यंतची तिरकी वाट सगळ्यात लांब होते आणि प्रत्येक वळणावर मनोरा वेगळ्या कोनातून दिसतो.

इमारतींच्या बाजू मात्र नेहमी विषम संख्येत ठेवाव्यात. पंधरा, एकोणीस, अकरा, सात. छपराचे आढे आणि कमानी (पाख्यावरची त्रिकोणी किंवा नागमोडी दर्शनी टोके) बरोबर मध्यावर येण्यासाठी मधला ब्लॉक एकच असावा लागतो. सम संख्येत तो दोन होतो आणि आढे जाडजूड दिसू लागते.

साहित्य

छपरासाठी डीपस्लेट टाइलला तोड नाही. राखाडीकडे झुकणारा तिचा काळा रंग आणि बारीक चौकोनी नक्षी दुरून खऱ्या कौलांसारखी दिसते. खोल खाणीत डीपस्लेट फोडला की कॉबल्ड डीपस्लेट मिळतो, आणि स्टोनकटरमध्ये त्यापासून थेट टाइल, टाइलचे स्टेअर (पायरीच्या आकाराचे ब्लॉक) आणि स्लॅब (अर्ध्या उंचीचे ब्लॉक) कापता येतात. स्टेअर कधीही क्राफ्टिंग टेबलवर करू नयेत. तिथे सहा ब्लॉक्सचे चारच होतात, तर स्टोनकटरमध्ये एकास एक मिळतो. या आराखड्याच्या तिन्ही छपरांना साधारण साडेतीनशे स्लॅब आणि पावणेतीनशे-तीनशे स्टेअर लागतात. कमानी आणि तटावरची छपरे धरली तर डीपस्लेटचे दहा स्टॅक (एका स्टॅकमध्ये चौसष्ट ब्लॉक्स) तेन्शुच्या छपरांना पुरतात, आणि तट व गोतेनसाठी तेवढेच आणखी लागतात.

पांढऱ्या गिलाव्यासाठी तीन पर्याय आहेत. पांढरे काँक्रीट सर्वांत स्वच्छ दिसते आणि वाळू, खडी व हाडांच्या पांढऱ्या रंगापासून बनते. चार वाळू, चार खडी आणि एक रंग यांत आठ ब्लॉक्स भुकटी मिळते आणि पाण्याचा स्पर्श झाला की ती घट्ट होते. कॅल्साइटला किंचित पोत आहे, पण तो मुख्यतः अमेथिस्टच्या पोकळ्यांभोवती आणि काही खडकाळ डोंगरमाथ्यांवरच मिळतो. क्वार्ट्झसाठी नेदरमध्ये, म्हणजे खेळातल्या पाताळासारख्या दुसऱ्या जगात, जावे लागते आणि त्याची चकाकी मला किल्ल्यापेक्षा हॉटेलच्या स्वागतकक्षाला शोभेशी वाटते. काँक्रीट घ्यावे, आणि वळचणीच्या अगदी खालच्या ओळीत मधूनमधून कॅल्साइट मिसळावा.

लाकूड डार्क ओक. मात्सुमोतोच्या भिंतींचा खालचा भाग काळ्या रोगणाच्या फळ्यांनी झाकलेला आहे आणि वरचा पांढरा आहे. हिमेजी मात्र जवळजवळ पूर्ण पांढरा आहे, इतका की कौलांच्या सांध्यांवरही चुन्याचा लेप दिलेला असल्याने त्याचे छपरसुद्धा दुरून फिकट दिसते. या दोहोंपैकी एकच बाज निवडावा. काळ्या फळ्यांचा पर्याय खेळात सोपा आहे, कारण सलग पांढऱ्या मोठ्या भिंतीवर प्रत्येक चूक उठून दिसते.

दगडी जोते

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. जपानी तटाची दगडी भिंत सरळ उभी नसते. तळाशी ती अंगणासारखी पसरते आणि वर जाताना अधिकाधिक उभी होत जाते. कातो कियोमासा या सरदाराने बांधवून घेतलेल्या कुमामोतो किल्ल्याच्या भिंती या वळणासाठी प्रसिद्ध आहेत: सुरुवातीला माणूस धावत चढू शकेल असे वाटते आणि वर गेल्यावर पाय टेकायलाही जागा उरत नाही. २०१६ च्या भूकंपात त्या भिंतींचे बरेच नुकसान झाले, तेव्हा ढासळलेल्या दगडांमागचा भराव जगाने पाहिला. आत मातीचा उंचवटा, त्यावर लहान दगडगोट्यांचा थर, आणि बाहेरून मोठे दगड, अशी ही रचना असते; लहान गोट्यांच्या थरातून पावसाचे पाणी निथळून जाते आणि माती फुगून भिंत बाहेर ढकलली जात नाही.

खेळात हे वळण पायऱ्यांनी साधायचे. बारा ब्लॉक्स उंचीच्या जोत्यासाठी पहिली ओळ पंचवीस बाय एकोणतीसची आखावी. दुसरी ओळ चारही बाजूंनी एक ब्लॉक आत घ्यावी. तिसरी आणखी एक आत घेऊन चौथीही तिच्याच रेषेत ठेवावी. पाचवी पुन्हा एक आत, सहावी तिच्या रेषेत. सातवी एक आत, आणि आठवी-नववी तिच्या रेषेत. दहावी एक आत, आणि अकरावी-बारावी तशाच. म्हणजे एकूण पाच ब्लॉक्सचा उतार होतो आणि माथा नेमका पंधरा बाय एकोणीसचा उरतो, जो तेन्शुच्या पहिल्या मजल्याचा पाया आहे. तेन्शुची भिंत माथ्याच्या कडेवरच उभी करावी. मध्ये मोकळी पट्टी सोडली तर केकवर ठेवलेल्या डब्यासारखे दिसते.

नुसते बाहेरचे कवच बांधले तर साडेनऊशेच्या आसपास दगड लागतात, म्हणजे पंधरा स्टॅक. आतला भाग भरू नये. खऱ्या तेन्शुच्या जोत्यातही अनेकदा तळघर असते, आणि खेळात ती पोकळी भट्ट्या, ब्रूइंग स्टँड व नेदर पोर्टल लपवण्यासाठी उत्तम आहे. पोर्टलचा जांभळा उजेड आणि आवाज अंगणात नको असतो.

दगडांची मिसळण करताना मुख्य ब्लॉक म्हणून अँडेसाइट धरावा, त्यात साधारण चौथा हिस्सा साधा दगड आणि चौथा हिस्सा टफ घालावा, आणि कॉबलस्टोन फक्त तळाच्या तीन ओळींत वापरावा. शेवाळाचे दगड पाण्याला लागून एक-दोन ओळीतच शोभतात. सगळीकडे पसरले की किल्ला वापरातला न वाटता ओसाड वाटतो. कोपऱ्यांना वेगळी वागणूक हवी. खऱ्या भिंतीत कोपऱ्याचे लांबट घडीव दगड आलटून पालटून रचतात, म्हणजे एका थरात दगडाची लांब बाजू डावीकडे आणि पुढच्या थरात उजवीकडे येते. पॉलिश्ड अँडेसाइट घेऊन एका ओळीत डाव्या अंगाला दोन व उजव्या अंगाला एक, आणि पुढच्या ओळीत याच्या उलट, असे लावत गेले की हा सांधा हुबेहूब दिसतो. सबंध बांधकामात इतक्या थोड्या कष्टात इतका परिणाम देणारी दुसरी युक्ती नाही.

तट, खंदक आणि दरवाजा

बाहेरचा तट याच पद्धतीने, पण पाच ब्लॉक्स उंच आणि दोन-तीन ब्लॉक्स उताराचा करावा. त्याच्या माथ्यावर तीन ब्लॉक्स उंचीची पांढरी भिंत आणि तिच्यावर स्लॅबचे छोटे छप्पर येते. भिंतीत ठरावीक अंतरावर बाण आणि बंदुकांसाठी जंग्या ठेवतात; हिमेजीत त्या गोल, त्रिकोणी, चौकोनी आणि उभ्या लांबट अशा सगळ्या आकारांत आढळतात. खेळात एक ब्लॉक काढून तिथे ट्रॅपडोअर लावणे पुरेसे आहे. खंदक सहा ब्लॉक्स रुंद आणि तीन खोल असावा; पाणी भरताना फक्त वरचा थर बादलीने ओतून चालत नाही, प्रत्येक थरात स्थिर पाणी करावे, नाहीतर प्रवाह दिसत राहतात.

दरवाजाची रचना मात्र नीट समजून घ्यावी. जपानी किल्ल्यांत मासुगाता नावाचा चौकोनी चौक असतो. पहिल्या लहान दरवाजातून आत आले की समोर भिंत येते, काटकोनात वळावे लागते, आणि दुसरा मोठा दरवाजा त्या बाजूला असतो, ज्याच्या डोक्यावर पहाऱ्याची लांब खोली असते. चौकात शिरलेला शत्रू तीन बाजूंनी माऱ्याखाली येतो. रायगडाचा महादरवाजा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा विचार अनोळखी वाटणार नाही. आपल्याकडची गोमुखी रचनाही दार शत्रूच्या थेट समोर येऊ न देण्यासाठीच आहे. खेळात चौक आतून नऊ बाय नऊचा घ्यावा, पहिला दरवाजा तीन रुंद आणि दुसरा पाच रुंद ठेवावा. मोठ्या दरवाजाची लाकडी पाने बनवता येत नाहीत, म्हणून दोन्ही अंगांना उघड्या पानांसारख्या डार्क ओक ट्रॅपडोअरच्या उभ्या ओळी लावाव्यात आणि दार कायम उघडे आहे असे दाखवावे. राक्षस रोखण्याचे काम उजेडावर सोपवावे, दारावर नाही.

दुसऱ्या दरवाजानंतरची वाटही सरळ नेऊ नये. गोतेनला वळसा घालून, एकदा पायऱ्या चढून, मग तेन्शुच्या जोत्याला खेटून ती न्यावी. हिमेजीत तेन्शु समोर दिसत असूनही वाट अनेकदा त्याच्यापासून दूर वळते.

तेन्शु

तेन्शुचे दोन मुख्य प्रकार आहेत. जुन्या प्रकारात खाली मोठे घर आणि त्याच्या छपरातून वर काढलेली टेहळणीची खोली दिसते. इनुयामा हे त्याचे ठळक उदाहरण. नंतरच्या प्रकारात प्रत्येक मजला खालच्यापेक्षा नेमका तेवढाच लहान होत जातो. उवाजिमाचा तीन मजली तेन्शु तसा आहे. जपानात जुन्या काळापासून टिकलेले फक्त बारा तेन्शु आहेत आणि हे दोन्ही त्यांत मोडतात. खेळात मोजायला दुसरा प्रकार सोपा, म्हणून आराखडा त्याचाच आहे, आणि सजावटीसाठी हिकोने डोळ्यांसमोर ठेवावा, कारण त्या लहानशा तीन मजली मनोऱ्यावर वेगवेगळ्या आकारांच्या कमानींची चंगळ आहे.

मजल्यांची मापे पंधरा बाय एकोणीस, अकरा बाय पंधरा आणि सात बाय अकरा अशी घ्यावीत. म्हणजे प्रत्येक वेळी चारही बाजूंनी दोन ब्लॉक्स आत. जोत्याच्या माथ्यावरून ओळी मोजत गेल्यास पहिल्या मजल्याची भिंत सहा ओळी उंच करावी. खालच्या तीन ओळी डार्क ओकच्या फळ्या, वरच्या तीन पांढऱ्या. दोन ओळी उंचीच्या खिडक्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत ठेवाव्यात आणि त्यांत डार्क ओकच्या कुंपणाच्या उभ्या काठ्यांची जाळी लावावी. मोठ्या काचा लावल्या की किल्ला लगेच बंगला होतो.

आता वळचण. जपानी छपराचा पाखा टोकाला जवळजवळ सपाट असतो आणि आढ्याकडे जाताना तीव्र होत जातो, हे वळण धरता आले तर सगळे साधले. भिंतीच्या बाहेर दोन ब्लॉक्स पुढे काढून सहाव्या ओळीच्या उंचीवर तळाला चिकटलेला स्लॅब ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूस त्याच ओळीत वर चिकटलेला स्लॅब. मग भिंतीच्या डोक्यावर, सातव्या ओळीत, स्टेअर. त्याच्याही आत, आठव्या ओळीत, दुसरा स्टेअर. तिथे पाखा दुसऱ्या मजल्याच्या भिंतीला जाऊन मिळतो, आणि ती भिंत नवव्या ओळीपासून बाहेरून दिसू लागते. अर्धा, अर्धा, एक, एक अशा चढामुळे दुरून वक्र रेषा भासते. चारही कोपऱ्यांच्या अगदी टोकाचा स्लॅब अर्धा ब्लॉक वर उचलावा. यापेक्षा जास्त उचलला तर छप्पर जपानी न राहता मंदिराच्या खेळण्यासारखे होते. हा मोह आवरणे सर्वांत कठीण आहे, आणि बहुतेक बांधकामे नेमकी इथेच बिघडतात.

दुसऱ्या मजल्याची दिसणारी भिंत नऊ ते बारा या ओळींत येते, तेराव्या ओळीत त्याची वळचण, आणि चौदाव्या-पंधराव्या ओळीत स्टेअर. तिसऱ्या मजल्याची भिंत सोळा ते एकोणीस, आणि विसाव्या ओळीत शेवटची वळचण.

या हिशेबात पहिला मजला आतून आठव्या ओळीपर्यंत उंच राहतो, आणि ही उंची वाया घालवू नये. चौथ्या ओळीत एक तक्तपोशी घातली की खाली तीन ब्लॉक्स उंचीचे दालन आणि वर, पाच ते सात या ओळींत, बाहेरून अजिबात न दिसणारा बिनखिडक्यांचा माळा मिळतो. मात्सुमोतोमध्ये खरोखर असा मजला आहे: बाहेरून पाच मजले मोजता येतात, आत सहा आहेत, आणि तिसऱ्याला खिडक्या नाहीत. हिमेजीचाही मुख्य तेन्शु बाहेरून पाच मजली दिसतो आणि आतून सहा मजले व तळघर असा आहे. मौल्यवान पेट्या या माळ्यावर ठेवाव्यात. जिने भिंतीला लागून उभे आणि अरुंद करावेत. खऱ्या तेन्शुतले जिने शिडीइतके तीव्र असतात.

शेवटचे छप्पर खाली चारही बाजूंना उतरते आणि वर दोनच पाख्यांचे होते. जपानीत त्याला इरिमोया म्हणतात. विसाव्या ओळीत चारही बाजूंना दोन स्लॅबची वळचण आणि एकविसाव्या ओळीत चारही बाजूंना स्टेअर, इथपर्यंत नेहमीसारखे. त्यानंतर फक्त लांब बाजूंनी बावीस आणि तेविसाव्या ओळीत स्टेअर चढवत न्यावेत आणि चोविसाव्या ओळीत आढे टाकावे. अरुंद बाजूंना उरलेला त्रिकोण पांढऱ्या भिंतीने बंद करून त्यावर पाखा एक ब्लॉक पुढे काढावा. आढ्याच्या दोन्ही टोकांना शाचिहोको, म्हणजे वाघाचे तोंड आणि माशाचे शरीर असलेला प्राणी, बसवतात. तो आगीपासून रक्षण करतो अशी समजूत आहे. नागोयाचे सोनेरी शाचिहोको प्रसिद्ध आहेत. एक स्टेअर, त्यावर उलटा स्टेअर आणि टोकाला वॉल ब्लॉक एवढ्यात तो आकार सुचवता येतो. सोन्याचे ब्लॉक फक्त इथेच वापरावेत.

कमानींपैकी त्रिकोणी चिदोरी-हाफु पहिल्या छपराच्या लांब बाजूवर बरोबर मध्ये बसवावी. पाया सात ब्लॉक्स रुंद घेऊन दोन्हीकडून तीन-तीन स्टेअर चढवले की मध्ये तिचे छोटे आढे येते, जे सरळ मागे जाऊन दुसऱ्या मजल्याच्या भिंतीला टेकते. तिच्यामागे त्या भिंतीचा मधला भाग झाकला जातो, म्हणून तिथल्या खिडक्या बाजूंना सरकवाव्यात. दुसऱ्या छपरावर त्याच बाजूला नागमोडी कारा-हाफु घ्यावी. ती केवळ स्लॅबनी होते: कडेला सपाट, मग अर्ध्या-अर्ध्या ब्लॉकचा चढ, आणि मध्यभागी पुन्हा सपाट. एकाच बाजूला एकावर एक सारख्याच कमानी चढवू नयेत. त्रिकोणानंतर लहर आली की डोळा वर सरकत जातो.

गोतेन

क्योतोच्या निजो किल्ल्यातील निनोमारु गोतेन हा आदर्श समोर ठेवण्यासारखा आहे. सहा इमारती एकमेकींना कोपऱ्यात जोडून तिरक्या ओळीत मांडल्या आहेत, त्यामुळे प्रत्येक दालनाला बाहेरचा उजेड आणि बागेचा देखावा मिळतो. घरासाठी तीन इमारती पुरेत: पाहुण्यांची, कामाची आणि झोपण्याची. प्रत्येक अकरा बाय तेराची घेऊन आधीच्या इमारतीच्या मागच्या कोपऱ्यापासून पुढची सुरू करावी. जमिनीपासून एक ब्लॉक उंच जोते, चार ब्लॉक्स उंचीच्या भिंती आणि तेन्शुसारखेच पण एकच मोठे इरिमोया छप्पर. वळचणीखाली भोवताली दोन ब्लॉक्स रुंदीची ओसरी, जिला तिथे एनगावा म्हणतात, सोडावी.

आठ चटयांची खोली बरोबर चार बाय चार ब्लॉक्सची होते. चटया मांडताना चार चटयांचे कोपरे एका बिंदूत येऊ न देण्याची रीत आहे, कारण तशी मांडणी शोकप्रसंगाशी जोडलेली आहे. म्हणून पहिल्या आणि शेवटच्या ओळीत दोन-दोन चटया आडव्या ठेवाव्यात. मधल्या दोन ओळींत डाव्या आणि उजव्या कडेला एक-एक चटई उभी आणि त्यांच्यामध्ये दोन आडव्या. चटईसाठी साल काढलेला बांबूचा ब्लॉक उत्तम, कारण ओंडक्यासारखी त्याची दिशा फिरवता येते. शेजारच्या दोन आडव्या चटया एकजीव दिसतात तिथे एक चटई बांबूच्या फळ्यांची करावी. हे ब्लॉक १.२० आवृत्तीपासून आले आहेत. सर्व्हर जुना असेल तर पिवळा आणि फिका हिरवा गालिचा आलटून पालटून वापरावा.

दालनांमधल्या सरकत्या पडद्यांच्या भिंतींसाठी पांढऱ्या काचेचे पातळ पेन आणि डार्क ओकच्या बारीक चौकटी, आणि ये-जा करण्यासाठी बर्चचा फिकट दरवाजा घ्यावा. मुख्य दालनाच्या मागच्या भिंतीत दोन रुंद आणि एक खोल असा कोनाडा करावा, त्याचा तळ अर्ध्या स्लॅबने उचलावा, मागे एक चित्र आणि बाजूला एकच फुलदाणी ठेवावी. तिसरी वस्तू ठेवू नये. पलंग जपानी घरात दिसायचा नसतो, कारण गाद्या सकाळी कपाटात जातात. म्हणून तो भिंतीतल्या कपाटासारख्या कोनाड्यात दाराआड ठेवावा. जमिनीतली चूल स्वयंपाकघरापुरती मर्यादित ठेवावी: एक ब्लॉक खोल खड्ड्यात कॅम्पफायर. तिची आग पसरत नाही.

निजोच्या ओसरीतल्या फळ्या पाऊल पडताच चिवचिवतात, म्हणून त्यांना नाइटिंगेलच्या फळ्या म्हणतात. खेळात याची गमतीची प्रतिकृती करता येते. ओसरीच्या लाकडी फळ्यांखाली स्कल्क सेन्सर आणि त्याला लागून, वर एक ब्लॉक हवा सोडून, सूर वाजवणारा नोट ब्लॉक ठेवावा. सेन्सर आठ ब्लॉक्सपर्यंतची पावले ऐकतो, लाकूड त्याला अडथळा करत नाही, पण लोकर करते. त्यामुळे झोपायच्या खोलीच्या बाजूने एक लोकरीची ओळ पुरली की घरातल्यांच्या चालण्याने सतत वाजणार नाही. दबक्या पावलाने चालणारा मात्र सुटतो.

बाग

चेरीची झाडे लावण्याचा आग्रह सगळ्यांचाच असतो, आणि १.२० पासून ती खेळात मिळतात. तरीही दोन-तीनच लावावीत. आज अनेक जपानी किल्ल्यांत दिसणारी चेरीची दाट लागवड मुख्यतः मेइजी काळापासूनची (१८६८ नंतरची) आहे, किल्ले लष्करी उपयोगातून बाहेर पडून बागा झाले तेव्हाची. किल्ल्याचे खरे झाड पाइन. स्प्रूसचे वाकडे खोड हाताने रचून त्यावर पानांचे तीन-चार सपाट पुंजके वेगवेगळ्या उंचीवर ठेवावेत. गोतेनसमोर पांढऱ्या काँक्रीट भुकटीचे अंगण, त्यात विषम संख्येतले काळपट दगड, आणि ओसरीच्या अगदी जवळ छोटे तळे, एवढे पुरे.

उजेड, आग आणि सर्व्हर

१.१८ आवृत्तीपासून राक्षस फक्त शून्य उजेडात उत्पन्न होतात, त्यामुळे दर दोन ब्लॉक्सवर मशाली खोचण्याची गरज उरलेली नाही. कंदिलाचा उजेड पंधरा असतो. आठ-आठ ब्लॉक्सवर एक लटकवला तरी दालन सुरक्षित राहते. विसरली जाणारी जागा म्हणजे छप्पर. खाली चिकटलेल्या स्लॅबवर किंवा सरळ ठेवलेल्या स्टेअरवर राक्षस येत नाहीत, पण वर चिकटलेल्या स्लॅबवर येतात, आणि आपल्या वळचणीची आतली ओळ नेमकी तशाच स्लॅबची आहे. वरच्या मजल्याच्या भिंतीच्या पायथ्याशी, पाख्यावर, प्रत्येक बाजूला दोन कंदील ठेवले की हा प्रश्न मिटतो आणि रात्री छपराची वक्र रेषाही उजळते.

तेन्शु आणि वीज यांचे वैर जुने आहे. ओसाकाचा तेन्शु १६६५ मध्ये वीज पडूनच जळाला. डीपस्लेटचे छप्पर पेट घेत नाही, पण त्याखालचे डार्क ओक घेते. तांब्याच्या तीन कांड्यांचा लाइटनिंग रॉड बनवून तो लाकडापासून दूर, दगडी तटाच्या कोपऱ्यावर उभा करावा. एदोचा, म्हणजे आजच्या टोकियोचा, तेन्शु १६५७ च्या आगीत गेल्यावर पुन्हा बांधलाच गेला नाही. सर्व्हरवर मात्र नियमित बॅकअप मिळतो का हे व्यवस्थापकाला आधीच विचारून ठेवता येते.

सर्व्हायव्हलमध्ये, जिथे साहित्य स्वतः मिळवावे लागते, हात घालण्यापूर्वी अमर्याद साहित्याच्या, एकट्याच्या क्रिएटिव्ह जगात जोत्याचा एक कोपरा, वळचणीचा एक कोपरा आणि एक कमान एवढीच बांधून पाहावी; हे तीन नमुने जमले की उरलेले काम पुनरावृत्तीचे असते आणि मित्रांत वाटून देता येते. वाटताना एकाने फक्त दगड, दुसऱ्याने फक्त छप्पर असे करावे, नाहीतर तटाच्या दोन बाजूंना दगडांची दोन वेगळी मिसळण दिसते. आर्मर स्टँड, चित्रांच्या चौकटी आणि झेंडे हात राखून लावावेत: एकाच दालनात असे पन्नास-साठ जमले की पाहुण्यांचे संगणक अडखळू लागतात, आणि झेंड्यांच्या रांगेपेक्षा दरवाजाच्या दोन बाजूंना दोन झेंडे अधिक शोभतात.